तिला जागं राहायचं होतं

३ ऑगस्ट, रविवार
वैष्णवीला पाचवा महिना लागला. दुपारी तिनं पिको-फॉलचं मशीन थांबवलं आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. त्यात पुण्याची एक बाई बाळंत होताना चक्क गप्पा मारत होती.

"बगा. पाठीत इंजेक्शन देतेत म्हनं. कळा येत्यात पन दुखत न्हाई. आपल्याकडं मिळतंय का इचारा की."

"विचारतो," म्हणालो आणि ही नवी वही काढली. मी शास्त्राचा मास्तर. काहीही घ्यायचं तर आधी तक्ता मांडायचा, ही माझी जुनी खोड. विहिरीवरची मोटार घेताना मी सहा कंपन्यांचा तक्ता केला होता. तो पुरा होईपर्यंत शेजारच्या बबनरावांनी मोटार आणून, बसवून, हरभऱ्याला पाणीसुद्धा दिलं. आप्पा ते अजून चारचौघांत सांगतात. बबनरावांची मोटार दोन वर्षांत जळाली, हे मात्र सांगत नाहीत.

तर या वहीत आता बाळंतपणाचा तक्ता. आणि सुचेल ते इतरही लिहीन.

१० ऑगस्ट
आईला कळलं. लपवायचा विचार नव्हता, पण इतक्या लवकर कळावं असंही वाटत नव्हतं.

"आमी काय सुया टोचून बाळंत झालाव का? पाठीत सुई घेतली की बाई जन्माची वाकती. सुंदररावाची सून बग. शिजर झाल्यापून खाली बसंना ती."

मी म्हणालो, त्याचा आणि याचा संबंध नाही. आई म्हणाली, तुझ्या पाठीत टोचून बग मग संबंध कळंल.

वैष्णवी भाजी निवडत होती. वर न बघता तिनं विचारलं, "आत्याबाई, ह्यांच्या टायमाला तुमाला लई दुखलतं का वो?"

आईनं हातातलं काम ठेवलं. मग म्हणाली, "दुखलं म्हंजे? भितीची माती वरबाडली मी. नखं गेलती दोन." आणि एकदम उठून म्हशीला पाणी दाखवायला निघाली. म्हशीला मी नुकतंच पाणी दाखवलं होतं.

त्यानंतर आई या विषयावर काही बोलली नाही. परवानगी मिळाली असं मी धरून चाललो आहे.

२३ ऑगस्ट
अंबाजोगाईला जाऊन आलो. आमच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टरबाई वेगळ्या आणि भूल देणाऱ्या वेगळ्या. भूल देणाऱ्या डॉ. प्रियदर्शनी वयानं माझ्याएवढ्याच. मी वही उघडल्यावर हसल्या, पण सगळं नीट सांगितलं. शाळेत असं समजावणारे असते तर किती बरं झालं असतं.

एक प्रकार असा: कमरेच्या वर, मणक्यापाशी सुई घालून एक बारीक नळी आत ठेवतात. सुई काढून घेतात, नळी राहते. नळीतून औषध जात राहतं. असर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण कितीही तास चालू ठेवता येतं. दुसरा: नळी घालतानाच आत आणखी एक पातळ सुईचा डोस. त्याचा असर पाच मिनिटांत, आणि पुढं नळी आहेच. बीपी उतरू शकतं, खाज येऊ शकते, शंभरात एखादीचं डोकं दुखतं. पाठ चार दिवस ठणकते, जन्मभर नाही. (हे आईसाठी मी दोनदा लिहून घेतलं.)

तिसरा प्रकार शिरेतून किंवा कमरेवर द्यायचं गुंगीचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाल्या, "यानं कळा थांबत नाहीत हं. धार थोडी कमी होते. बाई गुंगीत जाते, एवढंच. नंतर कुणाला आठवतं, कुणाला नाही."

वैष्णवीनं इतक्या वेळात एकच प्रश्न विचारला. "मी जागी राहीन का?"

पहिल्या दोन्हींत पूर्ण जागी, डॉक्टर म्हणाल्या.

"मग तिसरं खोडा," वैष्णवी मला म्हणाली. मी पट्टी शोधत होतो, तर तिनं माझ्या हातातला पेन घेऊन स्वतःच आडवी रेघ मारली. वाकडी आली.

परत येताना गाडीत मी विचारलं, जागं राहायचा एवढा हट्ट का? ती म्हणाली, माहेरी धर्मापुरीला तिची धाकटी बहीण झाली तेव्हा तिच्या आत्यानं बाळ उचललं ते थेट गल्लीभर दाखवत फिरवलं. "सगळ्या गल्लीनं बगितलं. माझ्या आईला सगळ्यात शेवटी दिलं. आई रडली व्हती तवा. माझं मी आधी बगनार. माझ्या आधी कुनी न्हाई, तुमीबी न्हाई."

मी कबूल झालो.

१४ सप्टेंबर
पहिला की दुसरा, यावर तीन आठवडे डोकं लावलं. औषध डॉक्टरांनी हातानं भरायचं की पंपानं, यावरही एक वेगळं पान झालं. वैष्णवी मला आता 'तक्तेमास्तर' म्हणते आणि जानकीबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोनवर खुशाल सांगते, "तक्तेमास्तरांचा निकाल आजून लागायचाय."

आज निकाल लागला. दुसरा प्रकार. पहिलटकरणीचे तास मोठे, म्हणून नळी हवीच, आणि पाच मिनिटांत आराम मिळत असेल तर वीस मिनिटं कशाला सोसायचं?

सुई घालताना बाईनं पाठीची कमान करून अजिबात न हलता बसायचं असतं. तर आम्ही रोज दुपारी सराव करतो. ती बाजेच्या काठावर पाय सोडून बसते, उशी पोटाशी धरते, मान खाली. मी समोर उभा राहून तिचे खांदे धरतो आणि साठ मोजतो. आज चाळिसावर बाळानं आतून अशी लाथ मारली की उशी हलली. ती म्हणाली, "ह्याला सांगा न हलता बसायचं." आम्ही दोघं इतकं हसलो की आई बघायला आली.

मला फार आनंद झाला आहे. वहीत असं लिहायचं की नाही माहीत नाही, पण झाला आहे.

५ ऑक्टोबर
डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती धर्मापुरीला गेली. तिथूनही अंबाजोगाईच जवळ, तेव्हा दवाखाना तोच. घर रिकामं वाटतं. मशीनवर आईनं चादर टाकली आहे.

१३ नोव्हेंबर
सकाळी वर्गावर होतो. आठवी ब, प्रकाशाचं परावर्तन. सासूबाईंचा फोन. कालपासून पोटात हालचाल नाही.

मी अंबाजोगाईला पोचलो तेव्हा सोनोग्राफी झाली होती. मोठ्या बाईंनी यंत्राचा पडदा भिंतीकडे वळवून ठेवला होता. ठोके नाहीत. नाळेला पीळ बसला असावा, असं म्हणाल्या. चौतीस आठवडे.

वैष्णवी रडली नाही. तिनं विचारलं, "मग आता?"

मोठ्या बाई म्हणाल्या, कळा आणाव्या लागतील. बाळंत व्हावंच लागेल, नेहमीसारखं.

हे मला माहीत नव्हतं. असं झालं की डॉक्टर काहीतरी करून काढून घेतात, अशी माझी समजूत होती.

१५ नोव्हेंबर
काल काही लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो.

काल सकाळी गोळ्या ठेवल्या आणि दुपारी कळा सुरू झाल्या. डॉ. प्रियदर्शनी आल्या. रक्ताच्या तपासण्या चांगल्या होत्या. त्यांनी मला बाहेर ओसरीत बोलावलं आणि म्हणाल्या, ठरलेलं पाठीतलं देता येईल, काही अडचण नाही. ती जागी राहील, दुखणार नाही, आणि तिला बाळ बघायचं असेल तर बघता येईल, जवळ घेता येईल. दुसरं, बाळाच्या श्वासाची आता काळजी नसल्यानं गुंगीचं इंजेक्शनही जास्त देता येईल. "दोन्हीतला फरक तुम्हाला माहीतच आहे. तिच्याशी बोलून सांगा."

आत गेलो. वैष्णवी कुशीवर होती, कठडा घट्ट धरून. मला बघितल्यावर म्हणाली, "मला बसवा. उशी द्या." सरावातल्यासारखं.

मी म्हणालो, डॉक्टरांना विचारतो.

बाहेर आई होती, आप्पा होते, सासूबाई होत्या. आई माझा हात धरून म्हणाली, "शिवा, लेकराचं तोंड तिला दावू नगंस. एकदा तोंड बगितलं की जीव अडकतोय तितंच. मग बाई उठत न्हाई त्यातून." आप्पा म्हणाले, आपल्यात दाखवत नसतात. पुरुषमाणसानं गुंडाळून न्यायचं, फडकं उघडायचं नाही, घरी येऊन आंघोळ करायची. सासूबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं असणार.

मी खूप विचार केला. जागं राहायचं ती म्हणाली होती, ते जिवंत बाळासाठी. तेव्हाचा तक्ता आता कसा लागू पडेल? पाठीतलं दिलं तर ती टक्क जागी, सगळं बघणार, सगळं ऐकणार, आणि खोलीत रडण्याचा आवाज नाही. त्यापेक्षा झोपेत होऊन जाऊ दे. उठेल तेव्हा सगळं संपलेलं असेल. मला तिच्यासाठी एवढंच करता येत होतं.

डॉक्टरांना म्हणालो, झोपेचंच द्या.

त्यांनी विचारलं, "तिला विचारलंत?"

मी म्हणालो, "हो."

 त्या स्वतः तिला विचारायला आत निघाल्या तर दुसऱ्या पेशंटसाठी त्यांना ऑपरेशनला बोलावणं आलं. सिस्टरनं इंजेक्शन दिलं. मी खोटं बोललो हे मला कळतं. पण कुणाच्या भल्यासाठी बोलणं वेगळं.

सहा वाजता झालं. मुलगी. दारातून मला आत कण्हल्यासारखा आवाज येत होता, पण शब्द असा नव्हता. आयाबाईनं पुसून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. जड होती. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. मी फडकं उघडलं नाही.

वैष्णवीचा खालचा ओठ दातानं फाटला होता. आयाबाई म्हणाली, गुंगीत व्हतंय असं.

आज सकाळी आमच्या शेतात मूठमाती दिली. घरून निघताना आई म्हणाली, "बोरीखाली नगं. तितं तुजा थोरला हाय."

मी थांबलो. मला थोरला भाऊ होता, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. आप्पा खाली बघत फावडं घेऊन पुढं निघाले होते.

मी विचारलं, "कसा होता गं?"

"मला कुटं दावला," आई म्हणाली आणि घरात गेली.

तिनं आजवर त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. म्हणजे न बघितल्यामुळे ती किती सहज विसरली, बघा. माझा निर्णय बरोबर होता, याची मला आज खात्री पटली. बांधापासून चार पावलं आत जागा केली. आप्पांनी वर काटे रचले.

१८ नोव्हेंबर
वैष्णवी धर्मापुरीलाच आहे. तिला दूध आलं आहे. याचा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. सासूबाईंनी छाती फडक्यानं करकचून बांधली आहे. डॉक्टरांनी आटायची गोळी दिली. अशी गोळी असते, हेही मला आजच कळलं.

ती भिंतीकडे तोंड करून होती. मी म्हणालो, दुखतं का? ती म्हणाली, "आता कशाला इचारता?"

मला याचा अर्थ लागला नाही. अंगात कणकण होती तिच्या.

३० नोव्हेंबर
दर रविवारी धर्मापुरीला जातो. ती सावरते आहे. त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. मी सासूबाईंना म्हणालो, तिला काही आठवत नाही, हे एक बरं झालं. सासूबाई पदर सावरत उठल्या. मग म्हणाल्या, "च्या ठिवते."

जेवत मात्र नाही. ताटाला बोट लावते आणि उठते. हाताची हाडं दिसायला लागलीत.

१४ डिसेंबर
आज ती पहिल्यांदा आपणहून बोलली. आम्ही अंगणात बसलो होतो. वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत तिनं विचारलं, "डोक्यावर केस व्हते का तिला?"

फडकं तर मी उघडलंच नव्हतं. 

"होते," म्हणालो.

"लई?"

"लई. काळे."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "माझ्या आईकडं समद्यांना जन्मताच लई केस असत्यात." मग तिनं भाकरी मागितली. दीड भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. सासूबाई आत जाऊन रडल्या.

खोटं बोलल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट आधीच का नाही सुचलं, असं वाटलं.

२१ डिसेंबर
आज गेलो तर ती दारातच उभी. केस विंचरलेले, स्वच्छ साडी. हातात शाळेची एक कोरी वही. सासूबाई म्हणाल्या, आठवडाभर नीट जेवली, शेजारच्या बायकांना सांगत होती की पोरीला कसे दाट केस होते.

"बसा," ती मला म्हणाली. "तुमी समदं लिवून ठिवता ना? हे बी लिवा. मी इसरीन म्हनून. पयलं केस लिवा. मग कपाळ. माझ्यावानी का तुमच्यावानी, ते. मग नाक. कान चिकटलेले व्हते का सुटे. बोटं. नखं आलती का. समदं लिवा, तक्ता करा."

वही माझ्या मांडीवर ठेवून ती समोर जमिनीवर बसली. आज महिन्याभरानं तिच्या चेहऱ्यावर रंग होता. मी पेन उघडला. 'केस' लिहिलं. पुढं 'काळे, दाट' लिहिलं. मग 'कपाळ' लिहिलं आणि माझा हात थांबला. मी काहीही लिहू शकलो असतो. तिनं तेच आयुष्यभर जपलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर एक पोर उभी राहिली असती आणि ती आमची नसती.

मी म्हणालो, "वैष्णवी, मी पाहिलं नाही."

"काय न्हाई पाह्यलं?"

"तिला. फडकं उघडलंच नाही मी. केसांचं खोटं सांगितलं."

  मी सगळंच बोलून टाकलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, मी तुला न विचारता हो म्हणालो, तुला त्रास नको म्हणून, तुला काही कळू नये म्हणून.

"मला समदं कळत व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या इंजेक्शननं दुखायचं काय थांबलं न्हवतं. नुसतं तोंड उघडंना. मी वरडत व्हते, 'मला बसवा, मला दावा', आन् तोंडातून निघतच न्हवतं. ती भाईर आली ते कळलं मला. आयाबाई म्हनली, मालकाकडं द्या. डोळे उघडायला गेले तर पापन्या उचलंनात." ती थांबली. "तीन इंजेक्शनातलं जे मी खोडलं, त्येच दिलं तुमी मला."

 मला रडू आलं. तिच्यासमोर आजवर कधी रडलो नव्हतो.

"मला वाटलं, मी न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "तुमी तरी बगितलं असंल. म्हनून तर इचारायला महिना लावला मी. धीर करून इचारलं. आता आई-बाप जित्ते असून तिला कुनीच बगितलं न्हाई."

सासूबाई चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. तशाच परत फिरल्या.

 मग तिनं माझ्या मांडीवरची वही घेतली, लिहिलेलं पान फाडलं आणि घडी घालून चुलीत टाकून आली. रागानं नव्हे. नको असलेला कागद टाकावा, तसं.

"त्या आयाबाईनं पुसलं तिला," ती परत येऊन म्हणाली. "तिनं बगितलं असंल."

मी म्हणालो, उद्या मी जाऊन विचारून येतो.

"तुमी नगा. मी येते. मी इचारनार."

तर उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं अंबाजोगाईला जाणार आहोत. त्या बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. कधीपासून कामाला आहे, रोज येते का, तेही नाही. महिनाभरात तिच्या हातून किती लेकरं पुसली गेली असतील. तिला आमची आठवत असेल का, हे मला सांगता येत नाही.